सविताचा प्रकल्प

अरे, माझ्यावरच एकदा काय वेळ आली ते ऐका. कारंज्याच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो. मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या सविताने ऊसतोड मजुरांवर प्रकल्प दिला. वाचला, तर सगळा इंटरनेटवरून उतरवलेला. मी भडकलो.

"उसाच्या फडात कधी पाय तरी ठेवला का?"

ती म्हणाली, "दरसाल जातो सर आमी. मोळ्या बांधतो मी. म्हणून तं हजेरी कमी भरते माही."

"मंग ते काहून नाही लिहिलं?"

"तुमीच सांगतलं ना सर, मनचं लिहू नका, पुस्तकातलं पाह्यजे."

खरंच, दरवर्षी सांगतो मी तसं. कागद पुढे ओढला आणि म्हटलं, "बस. सांग, मी लिहून घेतो."

वीस वर्षांच्या नोकरीत नोट्स मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतल्या.