खुंटी वाकडीच ठोकायची असते

...आणि वर मलाच म्हणतात, खुंटी वाकडी ठोकलीस. अहो, वाकडीच ठोकतात. तंबूची खुंटी आहे ती, झेंड्याचा खांब नाही. डोकं तंबूपासून लांब, टोक तंबूकडे, घरातून रुसून निघालेल्या माणसासारखी तिरकी उभी राहिली पाहिजे, म्हणजे दोरी जितकी ओढाल तितकी ती रुतते. सरळ ठोकलेली खुंटी पहिल्या हिसक्याला दुधाच्या दातासारखी हातात येते. हे मला कुणी शिकवलं? कुणी नाही. कॉलेजात दीड वर्ष बसलो, तिथे बलांच्या समतोलावर अख्खा धडा होता, गोलांवर बाण काढलेले होते, बाणांना नावं दिलेली होती, खुंटी एकही नव्हती.

सोडलं मी कॉलेज. दुसऱ्या वर्षाला. का सोडलं ते तुम्ही विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालंय, समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमननेसुद्धा विचारलंय. आता मी सहलीचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला आहे आणि एकवीस तंबू माझ्या ताब्यात आहेत. गिऱ्हाईक नेतं तेव्हा तंबू असतो, आणून टाकतं तेव्हा काय असतं ते तुम्हाला सांगतो... ओला गोळा. चिखल, आत बिस्किटांचा चुरा, एकदा तर अर्धा कंगवा. मी तो उघडतो, झटकतो, साध्या पाण्याने पुसतो, साबण नाही, साबणाने कापडावरचा पाणी अडवणारा थर जातो, मग सावलीत वाळवतो, उन्हात नाही, आणि चेनच्या दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढतो. ओला तंबू पिशवीत कोंबला की तिसऱ्या दिवशी त्याला बुरशी येते आणि असा वास सुटतो की बस्स. वर्षभरात माझ्या हातून गेलेला एकही तंबू गळला म्हणून परत आलेला नाही. एकही.

पण हे घरी सांगायची सोय नाही, कारण घरी बाबा आहेत. बाबांची लॉन्ड्री. तीस वर्षं लोकांच्या शर्टांना इस्त्री केली त्यांनी, नुसत्या कॉलरवरून माणसाचा हुद्दा सांगतात. हा वकिलाचा, मानेला घाम जास्त. हा इंजिनियरचा, खिशाला शाईचा डाग. आणि या तीस वर्षांत एकच इच्छा, की त्या दोरीवर एक इंजिनियरचा शर्ट घरचा असावा. मी म्हटलं, बाबा, खिशाला डाग मी असाच पाडून देतो. आठ दिवस बोलले नाहीत.

दुसरे आतोबा. आत्याचे यजमान. निवृत्त इंजिनियर, रस्ते खात्यातले. सबंध आयुष्य रस्ते बांधले, त्यातले आता किती शिल्लक आहेत ते विचारायचं नाही, आत्याला वाईट वाटतं. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून हा माणूस मला नावाने हाकच मारत नाही. "काय तंबूवाले?" म्हणतो. आता तंबूवाला म्हणायला माझी ना नाही, आहेच मी तंबूवाला, पण म्हणतो कसा, तर नाकातून.

तर त्या रविवारी तळ्याकाठी जायचं ठरलं. आई, बाबा, आत्या, आतोबा आणि मी. आतोबांनी नवाकोरा तंबू आणलेला, खोक्यासकट. मी दुकानातला एक नेला, मालकांना विचारून, सहा माणसांचा, चार मोसम चाललेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर मीच लावलेलं ठिगळ. आतोबा ठिगळाकडे बघून म्हणाले, "हा भिकेत मिळाला का?" आणि बाबा हसले. मला त्या हसण्याचं जास्त लागलं.

मग बाबांनी खिशातून कागद काढला. फेरप्रवेशाचा अर्ज. माझं नाव, जन्मतारीख, सगळं त्यांनी भरलेलं, त्यांच्या त्या कपड्यांवर नंबर टाकायच्या अक्षरात, नुसती माझी सही बाकी. चार घड्या, इस्त्रीच्या. म्हणाले, "उद्या शेवटची तारीख आहे. सही कर." मी म्हटलं, नाही. आई म्हणाली, "अहो, चटई तरी अंथरू द्या." आतोबांनी मध्ये तोंड घातलं, "असं करू. दोघं दोन तंबू उभारू. चहापर्यंत याचा उभा राहिला तर अर्जाचं नाव काढायचं नाही. पडला तर इथेच सही." आणि बाबांकडे बघून, "ज्याला चार भिंतींत बसता आलं नाही, तो चार काठ्या काय उभ्या करणार?"

बाबा म्हणाले, "मान्य." मला विचारलंसुद्धा नाही. माझं आयुष्य, माझा तंबू, आणि करार या दोघांचा.

मी म्हटलं, ठीक आहे. वारा काय, डिग्री बघून वाहतो का?

आता आतोबांनी जागा कुठली निवडली? खोलगट. म्हणे मऊ आहे, गवत छान आहे. अहो, गवत छान का आहे? कारण पाणी तिथे येऊन बसतं. मी म्हटलं, आतोबा, ही बशी आहे. म्हणाले, "मला पाण्याचा निचरा शिकवतोस?" बरं. तोंड तळ्याकडे, देखाव्यासाठी, म्हणजे बरोबर वाऱ्याच्या तोंडात. खाली ताडपत्री अंथरली ती तंबूपेक्षा वीतभर मोठी, चारी बाजूंनी बाहेर, म्हणजे पावसाचं पाणी अडवून आत आणून सोडायची पक्की व्यवस्था. खुंट्या सरळ. ओळंबा लावल्यासारख्या सरळ. आणि ताणाच्या दोऱ्या? त्या पिशवीतच. "या जादाच्या दिल्यात, शोभेच्या," म्हणाले. बाबा बाजूला उभे राहून मान डोलवत होते. बाबांना तंबूतलं ओ की ठो कळत नाही, पण मान डोलवली, कारण समोर इंजिनियर होता. याचाच राग येतो मला. तीस वर्षं ज्यांचे शर्ट धुतले त्यांच्यासमोर हा माणूस अजून मान डोलवतो. वारा काय, डिग्री बघून वाहतो का?

मी उंचवटा धरला. डोक्यावर वाळकी फांदी नाही ना बघितलं. खडे वेचले. ताडपत्री आत दुमडली, बोटभरही बाहेर नाही. पाठ वाऱ्याला दिली. काठ्या ढकलत घातल्या, ओढायच्या नसतात, ओढल्या की सांध्यात सुटतात. बारा खुंट्या, बाराच्या बारा वाकड्या. दोऱ्या ताणल्या, टिचकी मारून बघितलं, कापड ढोलकीसारखं बोललं. तुम्हाला खरं सांगतो, तसं कापड बोललं ना की मला जे वाटतं ते कुठल्याही पेपराला पास झाल्यावर वाटलं नव्हतं... झालो होतो मी पास, काही पेपरांना.

बाबा जवळ आले, खाली वाकले, आणि म्हणाले, "खुंटी वाकडी ठोकलीस."

साडेतीनला वारा सुटला. आधी उगाच, चटईचा कोपरा उचलण्यापुरता. मग तळ्यावरून एक असा लोट आला की आत्याच्या हातातली कागदाची बशी गेली ती गेलीच, आणि मागून पाऊस, आडवा. आतोबा आपल्या तंबूत शिरले, बाबांनाही बोलावलं, "या या, इकडे या, हा नवीन आहे." तोंड वाऱ्याकडे. वारा आत शिरला. आता शिरलेला वारा बाहेर कुठून जाणार? तो तंबू फुगला. भाकरीसारखा टम्म फुगला, आणि मग त्या सरळ, शिस्तीच्या, सरकारी खुंट्या एकेक करून उठल्या, पट, पट, पट, तेवढ्यात वारा गरकन उलटा फिरला आणि तंबू निघाला. आतोबा आतून ओरडतायत, "धरा धरा," बाबा बाहेर एका कोपऱ्याला लोंबकळतायत, आणि सगळं मिळून तळ्याकडे चाललंय. मी धावलो, आतोबांना पायाला धरून बाहेर ओढलं, आणि तंबू गेला पाण्यात. आई माझ्या तंबूच्या दारातून म्हणाली, "अहो, देखावा बघायला गेला तो. या आता आत."

मग आम्ही पाच जण माझ्या तंबूत. बाहेर नुसता धिंगाणा, आत मात्र काठ्या वाकत होत्या आणि परत उभ्या राहत होत्या, एक थेंब नाही. आतोबा ओल्या पोत्यासारखे कोपऱ्यात बसले आणि पाच मिनिटांत म्हणाले, "तसं बघितलं तर डिझाइन चांगलं आहे या कंपनीचं." कंपनीचं.  मी थर्मासमधून चहा ओतला, त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आतोबा, चहा झाला." आत्या इतकी हसली की तिच्या कपातला सांडला. बाबा हसले नाहीत. ते माझ्या ठिगळावरून बोट फिरवत होते. आतून, बाहेरून, कडेने. मग म्हणाले, "टाके कुणी घातले?" मी म्हटलं, मी. "हं," म्हणाले. ज्या माणसाने तीस वर्षांत एकाही शिंप्याला चांगलं म्हटलं नाही, त्याचं 'हं' म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं.

संध्याकाळी तंबू ओलाच आणला, लॉन्ड्रीत दोरीवर पसरायला. वळून बघतो तर बाबांनी इस्त्री लावलेली.  मी म्हटलं, बाबा, तंबूला इस्त्री चालत नाही, वितळेल, त्याची एकाच रेघेवर घडीसुद्धा करायची नसते, त्या रेघेवर कापड मरतं. ते म्हणाले, "मला कापड शिकवू नकोस. हाताला कळलं मला मघाशीच." आणि खिशातून अर्ज काढला. तळ्याकाठी तंबूशी झोंबताना भिजून त्याचा लगदा व्हायचाच बाकी होता. तो टेबलावर पसरला, वर रुमाल टाकला, आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवायला लागले. म्हटलं, झालं. शब्द फिरवणार. मोठी माणसं, शब्द द्यायला इंजिनियर आणि पाळायला कंत्राटदार. म्हटलं, बाबा, तंबू उभा राहिला होता. म्हणाले, "दिसला मला." कागद वाळला, कडक झाला, शाई थोडी पसरली होती, पण नाव वाचता येत होतं. चार घड्या केल्या, नंबराची चिठ्ठी टाचली आणि वरच्या फळीवर ठेवला. ती फळी म्हणजे, गिऱ्हाईक न्यायला आलं नाही त्या कपड्यांची.

म्हणाले, "मी सही कर म्हणणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

तर जिंकलो मी, हे लक्षात घ्या. बाबा आता गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्याकडचा तंबू वादळात हलला नाही, टाके घरचे आहेत. आतोबा मला नावाने हाक मारतात, फार कमी मारतात, पण नावाने. वारा काय, डिग्री बघून वाहतो का, हे बाबाच परवा एका वकिलाला ऐकवत होते.

अर्जाची तारीख कधीच उलटली. मी म्हटलं, बाबा, टाकून द्या आता तो कागद. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वीचा एका नवरदेवाचा कोट आहे त्याच फळीवर. त्याला आता दोन मुलं झाली. मी टाकला का?"

दर महिन्याला दोन्ही खाली काढतात आणि पुन्हा इस्त्री करून ठेवतात.