माइक आमच्याकडं

मुरबाड स्टँडवर वैशाखऱ्याच्या एसटीच्या रांगेत दोघी माझ्या पुढं होत्या. एकीचा घसा पार बसला होता.

"काल म्हशाच्या जत्रंत ऑर्केस्ट्राला गेलेलीस ना गो? रॉकी दिनकर कसा गायला?"

"कसला गायला! केस तेवढे काळे केलेत. गिटार घेऊन दोन उड्या मारल्या नि खुर्चीवर बसला."

"पंचवीस वरसं गातोय बिचारा. दमायचाच."

"मग घरी बसावं ना! वरच्या पट्टीतली ओळ आली का माइक आमच्याकडं करतो. पोरांना वाटतं, ती स्टाइल हाय. मला नाय कळत व्हय?"

"आन् तुझा घसा गो कशानं बसला?"

"वरच्या ओळी सगळ्या मीच म्हटल्या. भर जत्रंत त्याला उघडा पडू द्यायचा?"