आमच्या टीमचा उंच पंजाबी

बास्केटबॉलचा विषय तुम्हीच काढला म्हणून सांगतो. भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता. आमच्या खात्याची टीम दरवर्षी शेवटची यायची. मोठ्या साहेबानं बजावलं, "यंदा हरले तर टीम बंद." तेवढ्यात ट्रेनी लोकांची नवी बॅच आली अन् जो तो खातेवाला आपापल्या खात्यासाठी माणसं मागू लागला.

कोणाले घ्यायचं यावरून सेक्टर सहाच्या चहाटपरीवर आम्हा टीमवाल्यांची जुंपली. मेश्राम म्हणे, "पळणारा घ्या." वानखडे म्हणे, "पळून काय करते तो? उंच पाह्यजे!"

वानखडे जिंकला. नव्या बॅचमंदी एक उंच पंजाबी होताच. आता त्याले आमच्या नागपूरच्या फोरमननं मागून घ्यायले पाह्यजे होतं, पण ते खेळाचं नाव काढलं की भडकायचे. म्हणून वानखडे त्यायले म्हणाला, "साहेब, तो उंच पंजाबी मागून घ्या. वरच्या व्हॉल्व्हले त्याचा हात शिडीशिवाय पुरते."

फोरमन खूश. पंजाबी आमच्या खात्यात आला.

मॅचच्या दिवशी आम्ही त्याले न्यायले गेलो. फोरमन म्हणाले, "त्याले कसा सोडू बाप्पा? तुमच्याच भरवशावर शिडी दुसऱ्या खात्याले देऊन टाकली ना!"