सासूबाईंच्या हातात माइक

नवागामच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या. मी पुस्तक उघडून नुसता बसलो होतो.

"योगिता, तुझ्या पावडरच्या मीटिंगमध्ये काय झालं गं?"

"सुषमाताई, साखळीत माझ्याखाली कोणी आलं नाही, तर माझं नाव कापणार होते. म्हणून सासूबाईंना घातलं."

"सासूला सुनेच्या खाली?"

"त्याचाच राग. सरांनी अनुभव सांगायला माइक दिला, तर म्हणाल्या, तीन महिने पावडर पितेय, गुडघे तसेच दुखतात, नुसती सून वर चढली."

"मग सगळे उठून गेले असतील."

"कुठले? एवढं छान बोलतात म्हणून अकरा जणी त्यांच्याखाली लागल्या. सर मला म्हणाले, तू तर मोठी लीडर झालीस."

"आणि सासूबाई?"

"माइकवरूनच म्हणाल्या, लीडरबाई, घरी भांडी पडलीत."