परत येणार असाल तर परवाना देऊ नका

—नाही, नाही, परवान्याची खिडकी बंद नाही झालेली, जेवायला गेल्यात. पाटी उलटी दिसली की समजायचं, ओतिल्याबाई आत डबा उघडून बसल्यात. बसा ना सेन्योर. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. इकडे फिरायचा परवाना परत द्यायचाय ना? तरी म्हटलं, कागद हातात धरून उभे आहात उन्हात. पण थांबा, आधी एक सांगा— इकडे परत यायचंय का तुम्हाला? पुढच्या चार-सहा महिन्यांत? यायचं असेल तर देऊ नका. लोकांना वाटतं एकदा आलो, एकदा गेलो, संपला परवाना. तसं नसतं. मुदत आहे तोवर या सरहद्दीच्या पुलावरून कितीही वेळा जा, कितीही वेळा या, तोच चालतो. पण एकदा खिडकीतून आत सरकवलात की गेला. म्हणून परत येणाऱ्यानं द्यायचा नाही, जवळ ठेवायचा. न येणाऱ्यानं द्यायचा. — नाही यायचं? डोंगर बघून झाले, आता वय झालं? बरं. मग द्या. देऊनच जा, नाहीतर पुढच्या वेळी दंड... हो, पुढची वेळ नाहीच म्हणा.

कॉफी घ्या. दालचिनी घातलीय. मी फार बोलत नाही खरं तर. या पुलावर मला मुका म्हणतात— नाव उबाल्दो, पण विचाराल तर कुणाला माहीत नसेल, मुक्याची बुरितोची गाडी म्हणाल तर कुत्रंसुद्धा आणून सोडेल इथे. आज काय झालंय कुणास ठाऊक. तुम्ही परत येणार नाही म्हणालात म्हणून असेल. परत न येणाऱ्या माणसाशी बोलायला बरं पडतं.

नाही, मी कचेरीत नाही कामाला, कसला! शाळा सहावीत सोडली, वडील गेले आणि ही गाडी अंगावर पडली. पण खिडकी समोरच. दिवसभर कानावर पडतं— इथे ओहिनागात फिरायला कागद लागत नाही, दात काढा, चष्मा करा, जेवा आणि जा. पण चिवावाच्या रस्त्याला लागलात की मध्ये नाका आहे, तिथे शिपाई बसमध्ये चढतात आणि विचारतात. कोयामेला जायचं तरी तो नाका ओलांडावाच लागतो. कोयामे ठाऊक नसेल तुम्हाला. लहान गाव आहे. नोएमीची आजी तिथे राहायची.

नोएमी म्हणजे... एक मुलगी. गिऱ्हाईक. ओडेसाहून यायची, तिकडे टेक्सासात इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. जन्म तिकडचा, पासपोर्ट तिकडचा, बाप कोयामेचा पण त्यानं पोरीचे इकडचे कागद कधी केलेच नाहीत. आजी पडली, खुबा मोडला, तेव्हा ही पहिल्यांदा एकटी पूल ओलांडून आली. ओतिल्याबाईंनी विचारलं, येण्याचं कारण? आणि स्वतःच लिहिलं, पर्यटन. दुसरं काही जुळत नव्हतं. नोएमी हसली. म्हणाली, आजीचं अंग पुसायला चाललेय, वेणी घालायला चाललेय, आणि मी पर्यटक म्हणे! तिचं हसू असं... पुलाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं.

चार दिवसांनी परत जाताना ती इथेच रांगेत उभी, तुमच्यासारखीच, कागद हातात. प्रामाणिक मुलगी, द्यायचा असतो असं कुणीतरी सांगितलेलं. आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा यायचंय हे ती रांगेतल्या बाईला सांगत होती, मी ऐकलं. माझ्या तोंडून निघून गेलं— 'अहो, देऊ नका!' सगळी रांग वळून बघायला लागली. कान असे तापले माझे. ओतिल्याबाई आतून ओरडल्या, 'अगं बाई, मुक्याला वाचा फुटली! पोरी, काय केलंस गं तू याला?'

मग काय, दर पंधरा दिवसांनी. कोयामेची बस सुटेपर्यंत ती इथे बसायची— हो, या खुर्चीवरच, हलणाऱ्या खुर्चीवर मी तिला बसू देत नसे. दोन्या तोमासासाठी— दोन्या तोमासा म्हणजे आजी— वेगळा बुरितो बांधून द्यायचो, पोळीत नुसतं असादेरो चीज, मिरची नाही, म्हातारीला दात नव्हते. पुढच्या खेपेला निरोप यायचा, 'आजी विचारते, हा पोरगा कोण, माझ्या घशात एवढं चीज कोंबून मला मारायचंय का त्याला?' पुढच्या वेळी जास्त घालायचो. एकदा म्हातारीनं सोतोलची बाटली पाठवली, त्यांच्याकडची दारू, घरी गाळलेली. म्हणे मुक्याला दोन घोट पाज, बोलेल. नोएमीनं इथेच झाकणात ओतून दिली. प्यायलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण शब्द नाही. ती हसून हसून या टेबलावर डोकं ठेवून पडली. केसांना साबणाचा वास यायचा तिच्या, धुलाईखान्यातला.

नाही, तसं काही नव्हतं. गिऱ्हाईक होती. म्हणजे... ती एकदा म्हणाली होती, तू ये ना कधीतरी ओडेसाला, मी राहते कुठे ते तरी बघ. म्हणून गेलो मी हुआरेसला, वकिलातीत, तिकडे जायचा व्हिसा मागायला. चुलतभावाचा शर्ट घालून. खिडकीतल्या माणसानं विचारलं, नावावर घर आहे? नाही. बँकेत खातं? नाही. बायको, मुलं? नाही. मग तुम्ही परत याल हे कशावरून? मी म्हटलं, माझी गाडी आहे पुलाजवळ. तो चांगला माणूस होता, हसला नाही. नाही म्हणाला फक्त. बघा ना, त्यांना एवढीच भीती, की आलेला माणूस परत जाणार नाही. आणि मी इथे... असो. तिला नाही सांगितलं ते. शरम वाटली. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय, आईलासुद्धा म्हटलं होतं, चुलतभावाकडे जातोय.

म्हातारी गेली मग. थंडी सुरू होताना. कोयामेलाच पुरली. नोएमीच्या बापानं फोनवरूनच घर शेजाऱ्याला विकून टाकलं. आणि ती आली इथे, दुपारी, अशीच वेळ. एका हातात बॅग, एका हातात आजीचा मसाला वाटायचा दगडी खल, केवढा जड, तो तिनं गाडीवर ठेवला. काही खाल्लं नाही. परवाना काढला पासपोर्टातून. मुदत शिल्लक होती बरं का त्याची, चांगली शिल्लक होती. म्हणाली, 'उबाल्दो' —तीच एकटी नावानं हाक मारायची— म्हणाली, 'उबाल्दो, हा देऊ की ठेवू?' मी म्हटलं, यायचंय का परत? म्हणाली, 'तूच सांग. आजी गेली, घर गेलं. परत यायला काही कारण राहिलंय का माझ्यासाठी इकडे?'

आता सांगा, काय सांगणार? घर नाही, माणूस नाही. मी सांगितलं, नाही राहिलं, मग देऊन टाकलेला बरा, विसरून घरी पडून राहतो आणि पुढच्या वेळी उगाच दंड. ती म्हणाली, 'नक्की?' मी म्हटलं, नक्की, नियमच आहे तसा. तिनं पासपोर्ट मिटला. मग म्हणाली, 'तू सांगतोस तर देते.' उठली, गेली खिडकीकडे. ओतिल्याबाईंनी कागद घेतला, शिक्का उचलला, आणि मारलाच नाही. हात तसाच वर. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून ओरडल्या, 'मुक्या, घेऊ का रे हा?' सगळ्यांसमोर! तीही वळली. रांगेतले लोक वळले. मी म्हटलं... मी म्हटलं, घ्या ना. मला काय विचारता?

तेव्हापासून ओतिल्याबाई मला मुका म्हणत नाहीत. 'उबाल्दो, एक कॉफी दे.' बस्स, एवढंच. ते जास्त लागतं.

फोन? नंबर आहे ना. लावतो कधीकधी. ती उचलते, 'हॅलो' म्हणते, दोनदा म्हणते. मग तीही गप्प बसते. ठेवत नाही हां ती. मीच ठेवतो.

काय झालं? असं काय बघताय? — नाही हो सेन्योर, तसं नव्हतं विचारलेलं तिनं. परवान्याचंच विचारत होती. कागद हातात होता, कागदाचंच... आणि मी बरोबरच सांगितलं. चुकीचं काय सांगितलं? तुम्हालाही तेच सांगितलं ना आत्ता, न येणाऱ्यानं द्यायचा. तिला यायचं असतं तर तिनं... तिनं 'नक्की?' विचारलं होतं. दोनदा विचारली एकच गोष्ट. एकदा परवान्याचं विचारलं तर पुरतं की माणसाला. दोनदा कशाला...

कॉफी निवली तुमची. द्या, दुसरी देतो.

काय? ओडेसावरूनच? म्हणजे तुमचा रस्ताच तिथून जातो? मुक्काम करणार तिथे? — नाही, नाही, कशाला उगाच तुम्हाला त्रास. इस्पितळ मोठं आहे, धुलाईखाना मागच्या बाजूला, ती म्हणायची. नोएमी म्हटलं की सांगतील. हसण्यावरूनही... बरं. तिला सांगा— म्हणावं, ओहिनागाच्या पुलावरचा उबाल्दो भेटला होता. म्हणावं, तो... म्हणजे मी... तिला सांगा की...

तिला सांगा, नवीन परवाना लगेच मिळतो. सकाळी लवकर आलं तर रांग नसते.

नाही. आणखी काही नाही. एवढंच सांगा.

जा, ओतिल्याबाई आल्या बघा. जा तुम्ही. जा म्हणतो ना.