सगळे बाण घराकडे

...आणि मुळात बाण हवे होते कोणाला, ते मला सांगा. तुम्हाला सांगतो, बेलापूरच्या मागचा डोंगर चढायचा, पठारावरून पलीकडे उतरायचं, दोन मुक्काम करायचे आणि तिसऱ्या दिवशी दुपारी माथेरानला चहा प्यायचा, एवढी साधी गोष्ट. चौदा वर्षं मी ती वाट चालतोय. पूर्वी तिथे माणूस दिसला तर आपण थांबून चौकशी करायचो, की बाबा, हरवलात का? आता शहाण्णव साल, पेपरात एक लेख काय आला, झालं, दर शनिवारी शंभर-शंभर माणसं, गळ्यात कॅमेरे, पायात पांढरे बूट, आणि मागे वेफर्सची पाकिटं अशी पडलेली की ती बघत बघत गेलं तरी माथेरान सापडेल. मग बाण कशाला?

आता माझं दुःख ऐका, हसू नका. मी ठाणे-बेलापूर रोडला एका कंपनीत डिस्पॅचला आहे. ऑफिसात साहेब सांगतो, मधुकर, हे इकडे पाठव, ते तिकडे पाठव. घरी मीना, म्हणजे आमची बायको, शाळेत शिक्षिका, ती सांगते, चपला इथे नाही, तिथे. सोसायटीचा वॉचमन सांगतो, साब, स्कूटर इधर नहीं, उधर. अख्ख्या जगात एकच जागा होती, जिथे मला कोणी कुठे जायचं ते सांगत नव्हतं... ती ही वाट. आणि तिच्यावर यांनी बाण काढले.

यांनी म्हणजे पाऊलवाट मंडळाने. मी पण सभासद, खोटं कशाला बोलू. सेक्रेटरी जयप्रकाश. हाच माणूस आमच्या सोसायटीचाही सेक्रेटरी, म्हणजे खाली पाण्याच्या टाकीची चावी याच्याकडे आणि वर डोंगराचीही. आमच्या बाथरूमच्या लीकेजचा अर्ज दोन वर्षं याच्या फाइलमध्ये झोपलाय. तेव्हा हा मीटिंगमध्ये उठून म्हणाला, "मंडळी, वाटेची देखभाल ही काळाची गरज आहे," आणि सगळ्यांनी माना हलवल्या... आपण गप्प.

देखभाल म्हणजे काय केलं विचारा. आधी उद्घाटनाचा बोर्ड. त्याच्यावर बावीस नावं, वाट कुठे जाते ते लिहायला जागाच उरली नाही. मग बाक. पहिल्या चढाला, जिथून खाडी दिसते पार वाशीपर्यंत, तिथे एका मेंबरने वडिलांच्या स्मरणार्थ सिमेंटचा बाक दिला. नाव बाकाच्या पाठीवर, मागून. आता वाट जाते दरीच्या कडेने आणि नाव तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, म्हणून बाकाची पाठ दरीकडे. तिथे बसणारा माणूस आता करवंदीच्या जाळीकडे तोंड करून बसतो आणि खाडी बघायची तर मान मोडून घेतो.

खरी वाट बिघडली होती कुठे? पठाराच्या अलीकडे, ओढ्यात. पावसाने पायऱ्यांचे दगड वाहून गेलेले, दहा दगड परत बसवायचे, बस. ते कोणी बसवले? पुतळाने. पुतळा म्हणजे वरच्या वाडीतली म्हातारी, रोज डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बेलापूरच्या बाजारात उतरते. तिने एकटीने एका सकाळी बसवले. ठराव नाही, कोरम नाही, चहा-बिस्कीटसुद्धा नाही. असल्या कामाला देखभाल म्हणायचं नसतं, कारण त्याचा फोटो निघत नाही.

तर बाण. रंग आणला रज्जाककडून. रज्जाक आपला जुना दोस्त, उरणकडचा, आजोबांपासून हार्डवेअरचं दुकान. डबा देताना म्हणतो, "मधुकर, होडीला लावतात हा. खारं पानी, ऊन, पाऊस, काय पन होनार नाय. दहा वर्सं बघायला नको." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जयप्रकाशची अक्कल बघा. म्हणतो, "चढ चढत चढत कोण रंगवणार? आपण माथेरानला गाडीने जाऊ, एक रात्र हॉटेलात झोपू, आणि मग रंगवत रंगवत घराकडे येऊ. घराकडे तोंड असलं की पाय उचलतात." सगळे म्हणाले, वा, काय प्लॅनिंग. निघालो. जयप्रकाशच्या हातात ब्रश, माझ्या हातात पाच लिटरचा डबा. पहिला दगड, बाण. दुसरा दगड, बाण. तिसऱ्या दगडाला माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण चाललोय माथेरानहून बेलापूरला, बाण काढतोय बेलापूरकडे, आणि अख्खी दुनिया येणार बेलापूरहून माथेरानला... म्हणजे येणाऱ्याला बाण दिसणारच नाहीत, कारण ते दगडाच्या पलीकडच्या अंगाला, आणि चुकून वळून बघितलंच, तर प्रत्येक बाण त्याला सांगणार, घरी जा.

सांगणार होतो हो. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात तो ब्रश झटकत म्हणाला, "मधुकर, तुमच्या लीकेजचं या महिन्यात घेतो हं मी." आपण गप्प. तीन दिवस, दोनशे चौदा दगड, आपण गप्प.

पठारावर पुतळा भेटली. पाटी खाली ठेवून बाण बघत उभी. म्हणते, "ह्यो कोनासाठी रं?" जयप्रकाश म्हणतो, "आजी, लोकांनी वाट चुकू नये म्हणून." ती म्हणते, "पन ह्यो तं खाली दावतंय. वर येनाऱ्यानं काय करायचा?" जयप्रकाश माझ्या कानात म्हणतो, "यांना मॅप रीडिंग कळत नाही."

रंगवून घरी आलो आणि नेमकी तेव्हाच मीना म्हणाली, "चौदा वर्षं माझे रविवार खाल्ले त्या वाटेने, एकदा बघू तरी द्या. आवडली तर पुन्हा रविवारबद्दल एक शब्द बोलणार नाही. नाही आवडली तर रविवारी गिरणी, बाजार आणि माझ्या आईकडे डोंबिवलीला." म्हणजे माझं उरलेलं आयुष्य त्या ट्रेकवर लागलेलं, आलं का लक्षात? गणपती झाल्यावर निघालो, मंडळाचा अधिकृत ट्रेक, एकतीस माणसं, पुढे जयप्रकाश शिट्टी घेऊन. मी मनात म्हटलं, बाण उलट्या बाजूला आहेत, कोणी मागे वळून बघणार नाही, निभावून जाईल.

पण मीना शिक्षिका ना. दर दहा मिनिटांनी मागे वळते आणि सहलीची मुलं मोजावीत तशी माणसं मोजते. पठारावर धुकं, हाताला हात दिसेना, हिने वळून एकतीस मोजले आणि म्हणाली, "अहो, बाण तर मागे दाखवतोय." जयप्रकाश आला, दगडाला हात लावून बघितला. मला वाटलं, आता तरी याला आठवेल. तर हा म्हणतो, "बरोबर. धुक्यात आपण भरकटलो. मंडळाच्या बाणावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?" फुर्र करून शिट्टी, आणि एकतीसच्या एकतीस माणसं अबाउट टर्न. मला वाट पाठ, तुम्हाला सांगतो, डोळे बांधून नेलं असतं सगळ्यांना. पण हे बाण चुकलेत म्हणायचं तर डबा कोणी धरला होता, तेही सांगावं लागणार, आणि ते मीनासमोर... आपण गप्प.

उतरलो. दर दगडाला बाण आणि दर बाणाला जयप्रकाशचं "शाब्बास, करेक्ट चाललोय." चारच्या सुमाराला धुकं निवळलं, तर खाली पांढऱ्या बिल्डिंगी, ओळीने. जयप्रकाश कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "बघा मंडळी, डोंगरापलीकडेही सेक्टर पडले." एकाने तर विचारलं, इथे फ्लॅटचा भाव काय असेल? मीना खाली बघत शांतपणे म्हणाली, "तो निळ्या ताडपत्रीखाली इस्त्रीवाला दिसतोय ना, त्याच्याकडे माझ्या दोन साड्या आहेत."

तीन दिवसांची वाट. सात वाजता निघालो, साडेचारला सेक्टर आठमध्ये हजर.

घरी येऊन तिने चहा केला. म्हणाली, "रंगवायला तुम्ही होतात ना?" होतो. "तेव्हा कळलं नव्हतं?" कळलं होतं. "मग बोलला का नाहीत?" मी चहा बशीत ओतला. आपण गप्प. पण खरं सांगू, लाज वाटली. चौदा वर्षं जिला माझी वाट म्हणतो, तिच्यावर दोनशे चौदा वेळा खोटं लिहिलं गेलं आणि मी डबा धरून उभा होतो.

मग मीटिंग. जयप्रकाश म्हणाला, "चूक कोणाची यात आपण जायचं नाही." हे कोण म्हणतं ते बघा. ठराव झाला, सगळे बाण खरवडून काढायचे. कोणी? तर म्हणे असा माणूस हवा, ज्याने मंडळात आजवर एकदाही कटकट केलेली नाही. सगळी डोकी माझ्याकडे वळली. टाळ्या. रज्जाककडे गेलो, म्हटलं, बाबा रे, हा रंग निघतो कसा? एवढा खूश झाला, म्हणतो, "निघत नाय ना? बोललो होतो!"

आता दर रविवारी पत्र्याचा तुकडा, तारेचा ब्रश, थिनर. दिवसाला चार दगड होतात. हिशेब तुम्हीच करा, मला भीती वाटते. लीकेज विचाराल तर चालू आहे. आणि मीना? तिला वाट आवडली. ते ओढ्यातले पुतळाचे दगड तर फारच आवडले. शब्दाला जागली, रविवारबद्दल चकार शब्द काढत नाही... दर रविवारी बरोबर येते. दगडावर बसते, थिनरचा डबा मांडीशी धरते आणि सांगते, तिथे नाही, इथे घासा. डावीकडे. अजून डावीकडे. परवा पुतळा पाटी घेऊन खाली चाललेली, थांबली, बघत राहिली, आणि मीनाला म्हणते, "बाय, आता बान कशाला लागतंय, तू हायस ना दावाला." दोघी हसल्या.

आपण गप्प.