मालेम अल्लाल आणि न चमकणारा पर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या विंडसर्फिंग मंडळाचे प्रमुख सी दरीस, व्यासपीठावर विराजमान असलेले लाकूड-कारागीर संघाचे ज्येष्ठ हाज बूजमा, ज्यांना सारं एस्सवीरा गाव मालेम म्हणजे उस्ताद म्हणून हाक मारतं ते आजचे सत्कारमूर्ती मालेम अल्लाल, त्यांच्या शेजारी बसून मला डोळ्यांनीच ‘थोडक्यात आटप गं’ असं बजावणाऱ्या त्यांच्या पत्नी लल्ला तामू, आणि बाहेर इतका सुरेख वारा सुटलेला असताना चार भिंतींच्या आत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मालेमांबद्दल बोलायला मला बोलावलं, याचं कारण उघड आहे. त्यांनी केलेल्या प्रत्येक परावरून पाण्यात पडायचा मान माझा आहे. माणसाची पारख करायला याहून चांगली जागा कुठली?

हाज बूजमा, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय की पर म्हणजे काय हे तुम्हाला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. सांगते. आम्ही ज्या फळीवर शीड धरून उभे राहतो, तिच्या पोटाखाली, शेपटीकडे, माशाला असतो तसा एक पर बसवलेला असतो. वारा आम्हाला आडवं ढकलतो, तो पर पाण्याला धरून ठेवतो आणि फळी सरळ धावते. पराची पकड सुटली की शेपटी घसरते आणि तुमची ही तूदा पाण्यात. बाकी सगळं शास्त्र याच्या पुढचं.

तर माझा परदेशी पर बंदराजवळच्या खडकावर फुटला आणि तो जोडून मिळेल का, म्हणून मी तटाखालच्या गल्लीत मालेमांकडे गेले. ते तेव्हा अरार नावाच्या झाडाच्या सुवासिक लाकडाचे डबे आणि बुद्धिबळाचे पट करायचे. त्यांनी पर हातात घेतला, उलटासुलटा केला, नाकाला लावला.

“याला वास कसा नाही?”

“कार्बन आहे मालेम. लाकूड नाही.”

“अरेरे,” म्हणाले. जणू माझ्या घरात कोणी गेलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, की असला पर मी करून बघतो. मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस. नंतर लल्ला तामूंनी चहा ओतता ओतता खरं काय ते सांगितलं. अरारचं झाड दुर्मिळ झालं होतं, लाकूड मिळेना. दुकान बंद करून कासाब्लांकाला मुलीकडे जायचं जवळजवळ ठरलं होतं. गाद्या बांधून ठेवल्या होत्या. पर जमला तर इथेच राहायचं, नाही जमला तर पुढच्या शर्यतींनंतर गाव सोडायचं. ज्या माणसाला कासाब्लांकात ‘समुद्राचा वास चुकीचा येतो’, त्याच्यावर ही वेळ होती. सांगा, मी नाही कशी म्हणणार?

मग सुरू झाला आमचा हिवाळा. कार्बनचं कापड साच्यात थरावर थर घालायचं, राळ पाजायची, भट्टीत भाजायचं, घासायचं. मग पराचं बूड शिकंज्यात आवळून टोकाला वजन टांगायचं आणि तो किती वाकतो, किती पिळतो ते बघायचं. वजन म्हणून लल्ला तामूंचा पितळी खलबत्ता. तेव्हापासून त्यांच्या घरात जिरं कुटायचं तर आधी कारखान्यात माणूस पाठवावा लागतो.

पहिला पर गायला. खरंच सांगते, वेग आला की फळीखालून सूर निघायचा. मागच्या धारेचा आकार बिघडला की असं होतं. कोळी होड्यांतून ओरडायचे, “तूदा, लग्न कोणाकडे?” मालेमांनी धार एका बाजूने तासली, सूर थांबला. दुसरा पर इतका मऊ की वळणावर मान टाकायचा. त्यांनी कापडाचे धागे तिरपे घातले. मी आणि आमच्या मंडळातला हमाद, दोघं सारख्याच फळ्यांवर, बेटापासून नदीच्या मुखापर्यंत शेजारी शेजारी धावायचो. एकाला मालेमांचा पर, दुसऱ्याला परदेशी. मग अदलाबदल. कुठला कोणता हे आम्हाला सांगायचं नाही, असा मालेमांचाच नियम. एके दिवशी किनाऱ्यावर येऊन हमाद म्हणाला, “हा परदेशी पर आज फार चांगला चालला.” तो परदेशी नव्हता. मालेम वळून समुद्राकडे बघत बसले, आणि मला त्या पाठीकडे बघून रडू आलं.

आता शर्यतीचा दिवस. हाज, तुम्ही तिथे होतात. तुमची सगळी गल्ली होती. मालेमांनी आदल्या दिवशी पर ‘जरा बघतो’ म्हणून घरी नेला होता. सकाळी माझ्या हातात दिला तो फडक्यात गुंडाळून. मी घाईत बसवला आणि सुटले.

पहिल्याच वळणाला शेपटी घसरली. उठले, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तर पंचांच्या होडीसमोरच पालथी. शेवटून पहिली येऊन मी किनाऱ्यावर आले, फळी उलटी केली, आणि त्या परात मला माझा चेहरा दिसला.

“मालेम, याला काय केलंत?”

“काही नाही गं पोरी. तेल आणि सुती फडकं. इतक्या लोकांसमोर जायचं, तसाच पांढुरका पाठवू?”

आता यात त्यांची चूक काय? आमच्या गावात न चमकवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे पाहुण्याला न विसळलेल्या पेल्यात चहा देणं. इथला कुठलाही कारागीर हेच करणार. हाज, हसू नका, तुम्ही तर वर लाखही चढवली असती. पण पराला तेलकट अंग चालत नाही. पाणी चिकटत नाही, मध्ये हवेची फट पडते आणि पकड जाते.

दुसरी शर्यत उरली होती. मी म्हटलं, “हे उतरवा.”

मंडळी, त्या माणसाने आयुष्यभर वस्तूंना चमक आणली होती. ती उतरवायची, तीही सगळ्या गल्लीसमोर. मागून कोणीतरी म्हणालं, “अल्लाल, आता वस्तू खराब करायलाही शिकलास वाटतं.” मालेमांनी चहावाल्याकडून भांड्यांचा साबण मागितला, अंगातल्या लांब झग्याच्या, जेलाब्याच्या खिशातून काचकागद काढला, लाटेच्या कडेला मांडी घातली आणि घासायला बसले. पर पुन्हा राखेसारखा मंद झाला, तेव्हाच त्यांनी मान वर केली. “जा,” एवढंच म्हणाले.

मी जिंकले असं तुम्हाला वाटत असेल. नाही. चौथी आले. पण शेपटी एकदाही घसरली नाही, आणि जिंकलेला माणूस फळी खांद्यावर घेऊन सरळ मालेमांपुढे येऊन उभा राहिला, असा पर मलाही हवा म्हणून. लल्ला तामूंनी त्याच संध्याकाळी गाद्या सोडल्या.

पुढचं तुम्ही जाणता. कारखाना उभा राहिला, दारावर खडूने ‘चमकवायचं नाही’ असं लिहिलं गेलं, तेही मालेमांच्याच हाताने. आणि आता राळेने त्यांचे हात सुजू लागले. डॉक्टर म्हणाले राळ बंद, कार्बनची धूळ बंद. म्हणून हा निरोप. मालेम, आम्हाला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. पण तुम्ही या गावातच राहणार आहात, आणि रोज खिडकीतून डोकावून आमच्या चुका काढणार आहात, म्हणून मी रडणार नाही असं ठरवून आले आहे.

अध्यक्ष महाराज, परवानगी असेल तर भेटवस्तूवरचं कापड मी काढते.

मालेम, हा पर तुमच्या साच्यातला, कारखान्यातल्या सगळ्यांनी मिळून घासलेला. धूळ पुसून, धुऊन आणला आहे. हा पाण्यात जाणार नाही. बरोबर ही तेलाची बाटली आणि हे सुती फडकं. डॉक्टरांना विचारलं, तेल चालतं.

सी दरीस, हाज बूजमा, मंडळाचे सभासद, चहा आणि सार्डिनची व्यवस्था बघणारे कोळी बांधव, तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. माझं बोलणं जरा खडबडीत झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि मालेमांकडून आभाराच्या भाषणाची वाट बघू नका. मी अजून बोलतेच आहे, आणि त्यांनी बाटली उघडलीसुद्धा.